शिंप्यानं नेलेला दोरा

दोऱ्याची पहिली लडी नाहीशी झाली तेव्हा मी सरळ शेजारणीवर संशय घेतला. त्यासाठी मला फार डोकं चालवावं लागलं नाही. ही बाई कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या मागायला येते आणि जाताना आमच्याकडं भाजी कसली शिजतेय, दोरीवर नवीन काय वाळतंय, कपाटाचं दार उघडं आहे की लावलेलं, हे सगळं डोळ्यांत भरून नेते. आदल्या दुपारी ती माझ्या डब्याशेजारीच बसली होती. "लय मऊ हाय वो दोरा," असं म्हणत तिनं ती लडी गालाला लावून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी लडी गायब. याला योगायोग म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं, मी म्हणत नाही.

डबा म्हणजे माझा मिसळणाचा जुना स्टीलचा डबा. हळद, मोहरी, जिऱ्याच्या वाट्यांत आता दोऱ्याच्या लड्या, सुया आणि चिमणीच्या चोचीएवढी कात्री असते. कितीही घासला तरी त्याला हिंगाचा वास येतो, आणि मी भरलेल्या प्रत्येक रुमालाला, उशीच्या अभ्र्याला थोडासा हिंगाचा वास येतो असं आमच्या घरचे म्हणतात. मला तो येत नाही. ते मला चिडवायला म्हणतात असा माझा अंदाज आहे.

त्या उन्हाळ्यात मात्र मी रुमाल-अभ्रे बाजूला ठेवले होते. लेकीचं लग्न जमलं होतं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. हल्ली परभणीच्या दुकानांत तशा साड्या तयार मिळतात, खडे लावलेल्या, चकचकीत, दोनदा धुतल्या की पोत्यासारख्या दिसणाऱ्या. माझी एकुलती एक लेक असली साडी नेसून उभी राहणार नाही, असं मी ठरवलं. साधी पांढरी रेशमी साडी आणली आणि तिच्या काठावर पिंपळाची पानं भरायला घेतली. पांढऱ्यावर पांढरी. लांबून बघणाऱ्याला कोरी साडी दिसावी आणि जवळ येणाऱ्यालाच पानाची शीर न् शीर दिसावी, अशी माझी कल्पना होती.

स्थळ गंगाखेडचं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला, वडील निवृत्त, बोलायला गोड. पाहुणे सेलूला आमच्या घरी येऊन बसले, पोहे झाले, बुद्धाच्या फोटोखालच्या खुर्चीत मुलगा मोबाइल उलटा करून बसला. लेकीला विचारलं तर तिनं काही न बोलता चहाचे कप गोळा केले. त्यालाच आम्ही सगळ्यांनी होकार धरलं. तारीख कोणती धरायची असा विषय निघाला तेव्हा मीच म्हणाले, "साडी भरून होऊ द्या. शेवटचं पान झालं की तारीख धरू." मुलाचे वडील हसले. "मग हात उचला ताई," म्हणाले. मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटला. माझ्या सुईवर लग्नाची तारीख अडलीय, असं चार माणसांत कुणी म्हणावं, एवढी किंमत माझ्या भरतकामाला आजवर मिळाली नव्हती.

आणि इथं लड्या गायब व्हायला लागल्या.

दोरा साधा पांढरा असता तर गोष्ट वेगळी. मी मोतिया पांढरा घेतला होता, किंचित पिवळसर झाक असलेला, आणि तो सेलूत मिळत नाही. प्रत्येक वेळी परभणीला जावं लागायचं. पहिल्यांदा आमचे हे गेले. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत, चांगले शिकलेले आहेत, पण पांढरा म्हणजे पांढरा एवढीच त्यांची समज. आणलेला दोरा चुन्यासारखा पांढराफटक. मी तो पानाशेजारी धरला तर पान मळकं दिसायला लागलं. "अगं, लग्नात कोण बघायला येणार हाय?" ते म्हणाले. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

त्यांनी बदलून आणलेली दुसरी लडीही गेली तेव्हा संशय त्यांच्यावरच गेला. या माणसाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला सुतळी कधी सापडत नाही आणि घरात हाताला लागेल त्यानं ते बांधून टाकतात. माझ्या परकराची नाडीही एकदा सातवीच्या गठ्ठ्याला निघाली होती. मी त्यांची पिशवी उलटी केली. जेवणाचा डबा निघाला, खडू निघाले, दोरा नाही. "कॅमेरा बसवू का घरात?" त्यांनी विचारलं. चेष्टा होती, पण मी दोन दिवस त्यावर विचार केला.

लेक तेव्हा ओट्याजवळ भाकरी थापत होती. आमच्याकडं न बघताच म्हणाली, "शिंप्यानं नेला आसंल, आई."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि मग ती गप्पच बसेना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलरचं दुकान आहे. पाटीवर लेडीज टेलर असं लिहिलेलं आहे, पण जुनी माणसं त्याला शिंपीच म्हणतात. साडीवरचा ब्लाऊज मी त्याच्याकडंच टाकला होता. ब्लाऊजलाही तेच पान भरायचं म्हणून तो नमुना बघायला घरी येऊन गेला होता. डब्याजवळ उभा राहून त्यानं दोऱ्याची तारीफ केली होती. या दोऱ्याची तारीफ जो करतो तो नेतो, असा एक नियमच माझ्या डोक्यात तयार झाला होता. शेजारीण सुटली, हे सुटले, आता टेलर.

भर दुपारी मी दुकानात जाऊन उभी राहिले. दोन बायका मापं द्यायला बसल्या होत्या. त्या असल्यामुळं मला उलट जोर आला.

"दोरा पाहिजे व्हता तर मागायचा की, भाऊ," मी म्हणाले. "न इचारता नेत्यात का कुणी?"

त्यानं मशीन थांबवलं. "कोणता दोरा, वैनी?"

"मोतिया. साडीचा. आमच्या डब्यातला."

"मी कशाला नेऊ? आन् तुमाला सांगितलं कोण?"

"माझी लेक सांगायलीय. तिला ठाव हाय."

त्या दोन बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. टेलरचा चेहरा उतरला. एवढी वर्षं या गल्लीत दुकान आहे, एक बटण कुणाचं इकडचं तिकडं झालं नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. मी म्हटलं, ते बघू. आणि मान ताठ करून घरी आले.

लेकीला सगळं सांगितलं तर ती आधी माझ्याकडं बघतच राहिली. मग हसायला लागली, ते ओट्याला धरून खाली बसेपर्यंत. "आई, शिंपी म्हंजे पाखरू गं! आपल्या अंजिरावरचं!"

मला पक्ष्यांचं कौतुक नाही, हे आधीच सांगते. आमच्या परसात अंजीर आहे, कढीपत्ता आहे, जास्वंदी आहे, चार वांगी-मिरच्या आहेत, आणि त्या सगळ्यावर पक्ष्यांचा हक्क आहे असं लेकीचं मत आहे. बुलबुल टोमॅटोला चोच मारून ठेवतात, पूर्ण खातही नाहीत. साळुंक्या सकाळपासून भांडतात. होले कपड्यांवर घाण करतात आणि वर भोळे चेहरे करून बसतात. लेक त्यांच्यासाठी मातीच्या परातीत पाणी ठेवते, ज्वारी टाकते. परभणीला रोज रेल्वेनं जाऊन तिनं बी.एस्सी. केलं होतं, तेव्हापासून हे वेड. पुढं शिकायचं म्हणत होती. लग्न झाल्यावर शिकेल की, असं म्हणून आम्ही तो विषय बाजूला ठेवला होता.

तिनं मला हाताला धरून अंजिरापाशी नेलं. खालच्या फांदीला दोन मोठी पानं एकमेकांना जोडून द्रोणासारखी झाली होती. काठाकाठानं भोकं पाडून त्यांतून दोरा ओवलेला. माझा दोरा. बाहेरच्या बाजूला त्याचे बारीक बारीक फुगीर गोळे, निसटू नयेत म्हणून. आत कापूस. थोड्या वेळानं तो चोर आला. अंगठ्याएवढा, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी. केवढंसं पाखरू आणि केवढा आवाज! आम्हाला बघून तो जास्वंदीतून असा ओरडायला लागला की जणू दोरा मीच त्याचा नेला होता.

मला टेलरची लाज वाटली. फार वाटली. माफी मागायला मात्र मी यांना पाठवलं. ते जाऊन सगळं सांगून आले, टेलर पोट धरून हसला म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत ती गोष्ट झाली. हसला खरा, पण माझा ब्लाऊज त्यानं गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवला असा माझा संशय आहे. तो संशय मी अजून सोडलेला नाही.

सगळ्यांच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा अंजिरापाशी गेले.

आता मी काय बघितलं ते सांगते. मी दोरा सुईत संपत आला की कापडाला अगदी लागून कापते. उरतं ते टोक एवढंसं, आणि त्याला टाक्यांचे वळसे पडलेले असतात. असा वापरलेला दोरा कितीही ओढा, सरळ होत नाही. घरट्याला लागलेला दोरा सरळ होता. नवा, लडीतून काढलेला. आणि घरट्याखाली गवतात पडलेले तुकडे सगळे सारख्या मापाचे होते, वीतभर, दोन्ही टोकं स्वच्छ कापलेली. चोचीनं तोडलेल्या दोऱ्याची टोकं पिंजारतात. पाखराला कात्री येत नाही.

मी ते तुकडे मुठीत घेऊन उभी राहिले. शेजारीण नाही, हे नाहीत, टेलर नाही. मग घरात कात्री धरणारे हात राहिले कुणाचे?

तिसऱ्या लडीच्या वेळी लेक स्वतःच परभणीला गेली होती. "मी आणते, आई, बाबांना कळत न्हाई." आणि आणला तो पुन्हा चुनखडी. तेव्हा मी दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या आणि स्वतः जाऊन मोतिया आणला होता. आता आठवलं की दोन मातकट पाखरं परसाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली असली तरी ही पोरगी त्यांतलं कोणतं कुठलं ते इथून सांगते. हिला मोतिया आणि चुनखडीतला फरक कळू नये?

 स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी परसाकडं आहे. सकाळी चहा ठेवला आणि जाळीमागं उभी राहिले. लेक पाण्याची परात भरायला गेली. परात भरली, ज्वारी टाकली. मग ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. लडी काढली, माझी चिमुकली कात्री काढली, दोरा मापून कापला आणि एक एक तुकडा कुंपणाच्या तारेवर आणि अंजिराच्या काटकीवर टाकत गेली. शिंपी आला, एक तुकडा ओढून घेऊन गेला. ती बघत राहिली. मी तिचा चेहरा बघत होते. पाखरांना दाणे टाकताना ती वेगळी दिसते. आत्ता ती हसत नव्हती. काम उरकत होती. उरलेली लडी तिनं कुस्करून जास्वंदीच्या बुडाशी मातीत दाबली, वर पालापाचोळा सारला आणि हात धुतले.

चहा उतू गेला.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती कुठल्याही आईच्या डोक्यात येते. कुणीतरी असणार. रेल्वेनं जाणं-येणं, कॉलेज, तीन वर्षं. ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिचा मोबाइल बघितला. पक्ष्यांचे फोटो. खंड्या, राघू, तारेवर बसलेला कुठलासा करडा. मैत्रिणींचे निरोप. मुलगा कुठंच नाही. काहीच सापडलं नाही याचाच मला जास्त संशय आला. पुसून टाकलं असेल, दुसऱ्या नावानं ठेवलं असेल, असं मी दिवसभर घोकत होते आणि वरणात मीठ दोनदा टाकलं.

दुपारी हे शाळेत होते. ऊन असं की परसात पाखरूही हलेना. मी साडी घडी उलगडून तिच्यापुढं पसरली आणि वर कात्री ठेवली.

"घे," मी म्हणाले. "पाखराच्या आडून कामून करायलीस? एकदाच काप. रोज रोज चोरी नको."

तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं कात्री उचलली आणि लांब सरकवून ठेवली, साडीला लागू नये अशी.

"मला हे लगीन नको हाय, आई."

"कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"खरं सांग. मी काय मारायलेय का तुला?"

"कुणी न्हाई म्हणलं ना! नको म्हणायला कुणीतरी आसावंच लागतं का गं?"

 उत्तर नसलं की मला राग येतो. "मग तोंडानं सांगता येत न्हवतं? तोंड शिवलंय का?"

"सांगितलं की." ती रडत नव्हती, आणि तेच मला सहन होईना. "तू या पानाच्या शिरा भरायली व्हतीस, तवा. तुझ्या शेजारी बसून सांगितलं. मला आत्ता लगीन नको, पुढं शिकायचंय, तू बाबांना सांग. तू 'हं' म्हणालीस. मला वाटलं, झालं. किती हलकं वाटलं मला! मग तू दुसरं पान धरलंस. म्हणून परत सांगितलं. परत 'हं' म्हणालीस."

मला आठवेना. मी खूप आठवायचा प्रयत्न केला. ती शेजारी बसलेली आठवली, तिचा गुडघा आठवला, तिनं सोललेल्या शेंगा आठवल्या. शब्द आठवेनात. टाके मोजताना माझ्या तोंडातून 'हं' आपोआप निघतं. दूधवाल्याला निघतं, शेजारणीला निघतं, यांना तर आयुष्यभर निघत आलंय. मी कुणी काय चोरलं त्यावर एवढी पाळत ठेवून होते आणि लेक शेजारी बसून बोलली ते माझ्या कानावर पडून गेलं.

तरी माझा हट्ट जाईना. "मग दोराच कामून? साडीच फाडायची. एका दिवसात काम झालं असतं."

ती भडकली. मगापासून पहिल्यांदाच भडकली. "तुझे टाके कापू? येडी हायेस का तू? डोळे लाल करून बसतीस रोज, मला दिसत न्हाई का?" तिनं पसरलेल्या काठावर तळवा ठेवला. "मला लगीन मोडायचं व्हतं, आई. तुझा एक टाका मोडायचा न्हवता."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले. रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, आणि मग राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून नुसतीच रडले.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ बुटाची लेस सोडत बसले. "पाव्हणे काय म्हणतील?" म्हणाले. मग, "पोरगी पक्की हाय का?" मी म्हटलं, पक्की आहे. त्यांनी गंगाखेडला फोन लावला आणि रिंग वाजायला लागताच तो माझ्या हातात दिला. हे असं होणार असा मला संशय होताच.

"काय ताई," मुलाचे वडील म्हणाले, "झाली का साडी भरून? आमी वाटच बघायलोत."

"साडीचं राहू द्या," मी म्हणाले. "पोरीची इच्छा न्हाई. आमी आधी नीट इचारायला पाहिजे व्हतं. तुमाला तसदी झाली."

 मग त्यांचा आवाज खाली आला, आपुलकीचा झाला.

"ताई, एक इचारू का? राग मानू नका. पोरीचं दुसरीकडं कुठं काही..."

दुपारी मी हेच विचारलं होतं. याच आवाजात विचारलं होतं. परक्याच्या तोंडून माझ्या लेकीबद्दल ते ऐकलं आणि कानशिलं तापली. लेक दारात उभी होती. तिला फोनमधलं ऐकू येत नव्हतं, पण काय विचारलं असेल ते तिला बरोबर कळलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, फरशीकडं बघत होती.

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "तिला नकोय."

"पन कारण तर आसंलच की काही."

"हेच कारण हाय."

"आसं कसं ताई, माणसाला पटंल आसं काहीतरी..."

मी फोन खाली घेतला. यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं.

"ठेवला का त्यांनी?" लेकीनं दारातूनच विचारलं.

"मी ठेवला," मी म्हणाले.